घाटातलं घर

रविवार, १४ सप्टेंबर

आज सोसायटीची मीटिंग झाली. ऐन पितृपक्षात मीटिंग ठेवणारे आमचे सेक्रेटरी, त्यांना कोण सांगणार! रीडेव्हलपमेंटला शेवटी सगळ्यांनी माना डोलावल्या. डिसेंबरच्या आत जागा रिकाम्या करायच्या, मग आमची चार मजली इमारत पाडून बिल्डर तिथे बारा मजले चढवणार. तीन वर्षं लागतील म्हणे. पुण्यात तीन म्हणजे पाच धरायची. तोवर बिल्डर भाडं देणार आणि ज्याने त्याने आपापली सोय बघायची.

जिन्यात समोरच्या सुंदराबाईंनी विचारलंच, "हेमाताई, तुम्ही कुठे जाणार?" इतकी वर्षं दाराला दार लावून राहिल्यात, माझ्याकडे भाजी कुठली शिजतेय ते त्यांना वासावरून कळतं, तरी विचारायचं. म्हटलं, "कुठे म्हणजे? मुलगा खराडीत राहतो. तो काय मला विश्रांतवाडीच्या चौकात बसवणार आहे?"

वर आले आणि पलंगाचं माप घेतलं. खराडीला अभिनवच्या तिसऱ्या खोलीत कॉम्प्युटरचं टेबल आहे, ते खिडकीकडे सरकवलं की माझा पलंग आरामात मावतो. खरं सांगायचं तर मला आनंद झालाय. हे गेल्यापासून या घरात मी फक्त रेडिओला उलट उत्तरं देते. सकाळी उठल्यावर घरात दुसऱ्या कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज यावा, एवढंच वाटतं. हे मी अभिनवला सांगणार नाही. इथे लिहायला काय जातंय!

शनिवार, २० सप्टेंबर

खराडीला जेवायला गेले होते. टेबलाचा विषय मीच काढला. म्हटलं, "अभिनव, ते टेबल सरकवून घे, मी नोव्हेंबरातच येते. शेवटच्या दिवशी टेम्पो मिळणार नाहीत." तो म्हणाला, "बघू गं आई." आणि सुनेने, ऋतुजाने, हातातला चमचा खाली ठेवला, उठली आणि आत निघून गेली. दार आपटलं नाही, पण आपटल्यासारखंच होतं ते.

मी काही कालची नाही. टेलिफोन ऑफिसात आयुष्य गेलं माझं, पलीकडचा माणूस गप्प बसला तरी तो कशावर गप्प बसलाय ते मला कळतं. बाईसाहेबांना सासू नकोय. अभिनव बिचारा दोघींच्या मध्ये सापडलाय. बोलला नाही, पण किती वेळ पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता.

मग एकदम म्हणाला, "आई, तू ताम्हिणी घाट पाहिलायस का?" मी म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर रोज पाहते. एकदा मी आणि हे स्कूटरवरून निघालो होतो, पण मुळशीपर्यंत पोचलो आणि स्कूटर तापली. धरणाच्या कडेला शेंगा खाऊन परत आलो. "मग दसऱ्याला जाऊ," म्हणाला. दसऱ्याला कोण घर सोडून हिंडतं? पण त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मी हो म्हटलं. आईला खूश ठेवायची धडपड चाललीय लेकराची. बायकोपुढे बोलता येत नाही, तर असं.

शनिवार, २७ सप्टेंबर

ऋतुजाचा फोन. ही कधी आपणहून करत नाही. आधी तब्येत विचारली, मग नवरात्राचे उपास विचारले, मग म्हणते, "आई, दसऱ्याला कुठे कुठे जायचंय ते तुम्ही अभिनवला नीट विचारून घ्या ना." म्हटलं, "घाटात जायचंय. घाट काय जागा बदलतो?" तिने तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तरी विचारा."

हिला यायचं नसेल. सरळ सांगेल तर शपथ.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

आजचा दिवस सविस्तर लिहिणार आहे. असे दिवस आता मोजकेच.

सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. अभिनव चालवायला, मी पुढे, ऋतुजा मागे. मी म्हटलं, "अगं, तू बस की पुढे." तर म्हणाली, "नको, इथेच बरी आहे." चांदणी चौकात अर्धं पुणं गाडीत बसून उरलेल्या अर्ध्या पुण्याला शिव्या देत होतं. भूगाव, पिरंगुट करता करता पौडच्या पुढे जरा हवा लागली. मग मुळशीचं पाणी दिसलं. आम्ही शेंगा खाल्ल्या होत्या ती जागा मी शोधत होते, पण तिथे आता हॉटेल झालंय. हॉटेल नाही, 'रिसॉर्ट'. बाहेर एक प्लास्टिकचा जिराफ उभा.

घाट लागला आणि मी बोलायची थांबले. अभिनव म्हणाला, "आई, बरी आहेस ना? गप्प कशी?" काय सांगू! डोंगरभर सोनकी फुललेली, काळ्या कातळावरून पाण्याच्या बारीक धारा, आणि एका वळणावर सगळा डोंगरच संपतो आणि खाली कोकण. ढग आपल्या पायाखाली. गाडी कडेला लावली. तिथे पोरं स्पीकर लावून नाचत होती, एक माकड कुणाचं तरी मक्याचं कणीस घेऊन कठड्यावर बसलेलं, भजीवाल्याच्या स्टोव्हचा धूर. मला काही म्हणजे काही खटकलं नाही. मी, जिला दगडूशेठच्या सजावटीतसुद्धा खोट दिसते! मोठ्याने म्हणाले, "इथेच राहावं असं वाटतंय रे." अभिनवने चटकन माझ्याकडे पाहिलं. इतका खुलला चेहरा! हे असायला हवे होते, असं वाटून डोळे भरून आले. वाऱ्याने आले असं सांगितलं.

ऋतुजा गाडीतून उतरली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे लाल, नाक लाल. वळणांनी गाडी लागली असणार. आवळासुपारी दिली. ती माझा हात धरून म्हणते, "आई, तुम्ही मला माफ कराल का?" म्हटलं, "गाडीत ओकलीस तर नाही करणार." हसलीसुद्धा नाही.

आणि आता खरी गोष्ट. परत येताना अभिनव म्हणाला, "एक जागा दाखवायचीय." धरणाच्या अलीकडे गाडी आत वळवली. मोठी कमान, वर इंग्रजीत नाव, माझा चष्मा पर्समध्ये. आत बैठी घरं, सगळी एकसारखी, मध्ये लॉन. त्यातल्या एका दाराला तोरण! शेफाली नावाची तिथली मॅनेजर पोरगी ताम्हण घेऊन उभी. तिने मला ओवाळलं, कुंकू लावलं, हातात नारळ दिला. हे गेल्यापासून कुणी मला कुंकवाचं बोट लावलेलं नाही. हळदीकुंकवाला सगळ्या घरांचे दरवाजे वाजतात, माझा नाही. मी म्हटलं, "अगं, मी नको, सुनेला लाव." तर म्हणाली, "काकू, आज मान तुमचा."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पोराने सेकंड होम घेतलंय! दसऱ्याचा मुहूर्त साधून! त्याच्या ऑफिसातले सगळे मुळशीकडे घेतात, तो कसा मागे राहील? आणि मला सरप्राइज.

घर छोटं आहे. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, त्यावर विजेची शेगडी. बिल्डरला पाइप फार झाले असावेत, न्हाणीघरात बसच्या दांड्यांसारख्या जिकडेतिकडे स्टीलच्या दांड्या. पलंग एकाच माणसाचा आणि उशाशी घंटेचं बटण. काय थाट! उंबरठा मात्र नाही. मी स्पष्ट सांगितलं, उंबरठा नाही ते घर कसलं? शेफाली म्हणाली, "अडखळायला नको म्हणून, काकू." एवढ्या लहान वयात ही पोरगी किती काय काय विचारत होती. बीपीची गोळी सकाळी की रात्री, जेवायला भात लागतो का, डास चावतात का. हल्ली सोयरेसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत.

शेगडीवर दूध ठेवलेलं होतं. नव्या घरात पहिलं दूध उतू घालायचं. मी म्हटलं, "ऋतुजा, ये, घरची लक्ष्मी तू." ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिथूनच म्हणाली, "नाही. मी करणार नाही हे." स्वतःच्या घराचं पहिलं दूध आणि ही नाही म्हणते! शेफालीने खाली पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अभिनव म्हणाला, "आई, तूच कर ना. तुझ्याच हातून व्हावं असं मला वाटतं."

दूध पूर्वेकडे उतू गेलं. भरभर, छान. मी मनात म्हटलं, देवा, इथे राहील त्याला सुखाने राहू दे.

निघताना शेजारच्या दारात एक बाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, वॉकर धरून. म्हणाल्या, "कधीपासून येताय?" म्हटलं, "येऊ की, सुट्ट्या असतील तशा." त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. शेजार सगळा पेन्शनरांचा दिसतो. बरंय, शांतता राहील.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

इमारतीत पेढे वाटले. सुंदराबाईंना दोन दिले. "आमच्या अभिनवने घाटात घर घेतलं, माझ्या हातून दूध उतू घातलं." मुद्दाम सांगितलं ते. त्यांच्या मुलाने अजून स्वतःचं पार्किंग घेतलेलं नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अभिनवचा फोन. म्हणाला, "आई, तिकडे काय काय न्यायचं त्याचा विचार कर. फार सामान नको, एकच खोली आहे." म्हटलं, शनिवार-रविवारच्या घराला कशाला हवं सामान? चार पातेली, दोन सतरंज्या, जुनी पितळी कढई पाठव. तो "हं" म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "तुझे कपडे जरा जास्त घे." घाटात थंडी असते, म्हणून असेल. काळजी करतो.

टेबल सरकवलं का ते विचारायचं राहून गेलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

आजचं अक्षर वाचता येणार नाही. न का येईना.

सकाळी चकलीची भाजणी भाजत होते. ऋतुजा आली, एकटी, स्कूटरवर. पाणी घेतलं नाही, बसली नाही. ओट्याजवळ उभी राहून म्हणाली, "आई, ते घर आमचं नाही. ते तुमच्यासाठी घेतलंय."

मी म्हटलं, "माझ्या नावावर? वेडा आहे का हा!"

"तसं नाही, आई. तुम्ही तिथे राहायचंय. नोव्हेंबरपासून. ती सगळी वयस्कर माणसांचीच घरं आहेत. वृद्धाश्रम म्हणत नाहीत आता, पण…" मग रडत रडतच म्हणाली, की जागा त्याने ऑगस्टमध्येच ठरवली होती, गणपतीच्या आधी. ही नको नको म्हणाली. निदान आईंना विचार, म्हणाली. तो म्हणाला, आधी जागा आवडू दे, मग सांगतो.

मी भाजणी हलवत राहिले. काय करणार दुसरं? सगळी भाजणी करपली. एवढी करपलेली भाजणी आयुष्यात पहिल्यांदा केली.

फसवलं. माझ्या पोटच्या पोराने मला फसवलं. दाराशी तोरण लावून, कुंकू लावून फसवलं. उंदराच्या सापळ्यात खोबरं लावतात तसा माझ्यापुढे मान ठेवला आणि मी आनंदाने आत शिरले. माझ्याच हातून मला घराबाहेर काढून घेतलं! आणि देवाला काय मागितलं मी? इथे राहील त्याला सुखाने राहू दे!

ऋतुजा जाताना पाया पडली. मी आशीर्वाद दिला की नाही, आठवत नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

अभिनव संध्याकाळी ऑफिसातून परस्पर आला. बायकोने सांगितलंय हे त्याला कळलं होतं. चहा विचारला नाही. मी माझ्या मुलाला चहा विचारला नाही.

सुरुवात त्यानेच केली. तिथे डॉक्टर रोज येतो. योगा आहे, भजन आहे, तुझ्या वयाच्या बायका आहेत. खराडीत तू दिवसभर एकटी काय करणार? मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे सगळं मला ऑगस्टमध्ये का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे ठाऊक होतं तुला."

तो चिडला. लहानपणापासून पकडला गेला की चिडतो. "पण आई, तुला आवडलं होतं! इथेच राहावंसं वाटतं म्हणालीस. दूध तू उतू घातलंस, पेढे तू वाटलेस. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलंय आणि तू समजून घेतलंयस."

"समजून घ्यायला तू मला कोडं घातलं होतंस का रे? गुलामा, मी तुझं घर समजून दूध उतू घातलं!"

हे ऐकून तो खाली बसला. डोकं धरून म्हणाला, "घरी आधीच फार ताण आहे, आई. माझं आणि ऋतुजाचं…" आणि थांबला. आता बायकोवर ढकलतोय. परवापर्यंत मीही तेच करत होते, म्हणून मला लगेच कळलं. म्हटलं, "तिचं नाव घेऊ नकोस. ती मला सांगायला आली. तू नाही आलास."

जाताना दारात म्हणाला, "मग आता काय करणार आहेस?" त्याच्याच शब्दांत म्हटलं, "बघू गं."

शनिवार, २५ ऑक्टोबर

दिवाळीत काही लिहिलं नाही. खराडीला गेले नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं, आणि त्यांनी ते लगेच मान्य केलं. पाडव्याला अभिनव ओवाळून घ्यायला येईल असं उगाच वाटत होतं. ओवाळायला ऋतुजा घरी नसली की हा एरवी माझ्याकडे यायचा. रांगोळी काढली, पुसली.

भाऊबीजेनंतर मी जागा शोधायला लागले. इंटरनेटवर नाही, पायी. मागच्याच गल्लीत तुळजाबाई राहतात, इथल्या मूळच्या शेतकरी घरातल्या. त्यांची जमीन कधीच इमारतींखाली गेली, आता त्यांच्या चाळीतल्या खोल्या भाड्याने देतात. पहिल्या मजल्यावर खोली आणि स्वयंपाकघर. मोरीला दांड्या नाहीत. खिडकीतून आमची इमारत दिसते. पाडतील तेव्हा तीही दिसेल.

तुळजाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येकट्याच ऱ्हानार? पोरगं न्हाय का तुमाला?"

माझ्या तोंडातून काय यावं! म्हटलं, "आहे की. त्याने माझ्यासाठी घाटात घर घेतलंय, धरणाच्या काठी. पण मला तिथे करमत नाही. मला बाजार लागतो, बसचा आवाज लागतो."

"लई गुनाचं पोरगं हाय मग," तुळजाबाई म्हणाल्या. "नायतर आजकालची पोरं!"

"हो ना," मी म्हटलं.

घरी येऊन मोरीत उभी राहून रडले. त्याच्यावर चिडून आणि माझ्यावर जास्त चिडून. एवढं होऊनही मी त्याची बाजू सावरली. सुंदराबाईंनासुद्धा तेच सांगितलं. त्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं असेलच. म्हणजे आता हेच खरं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज सामान हलवलं. टेम्पो एकच फेरी. अभिनव आला, ऋतुजाही आली, तो गाडीतून आणि ती स्कूटरवर. एका घरातून दोन गाड्या. आजकाल पेट्रोल फुकट मिळतं वाटतं.

ऋतुजाने डाळींचे डबे लावले. तूर वर आणि साखर खाली, उंची न बघता. मी काही बोलले नाही. ती मध्येच म्हणाली, "आई, मी अधूनमधून आले तर चालेल? नुसती बसायला?" म्हटलं, "डबे नीट लावायला शिक आधी." ती हसली. घाटातली रडकी हीच का, असं वाटलं. निघताना ती बराच वेळ खिडकीत उभी होती. जायची घाई नव्हती तिला. गेली शेवटी.

अभिनव मागे राहिला. जुन्या इमारतीत सुंदराबाईंना भेटून वर आला होता. कानांच्या पाळ्या लाल, पण चेहरा मोकळा. खुर्चीवर बसला, खोलीभर पाहिलं, म्हणाला, "हवा बरी येते." मी हो म्हटलं. मग म्हणाला, "सुंदराबाई मला म्हणाल्या, असा मुलगा सगळ्यांना मिळो. आईसाठी घाटात घर घेतोस, आणि आईला इथेच राहायचं तर तेही ऐकतोस."

मी पातेली पुसत होते.

"आई, बरं झालं तू असं सांगितलंस. मला टेन्शन आलं होतं, लोकांना काय सांगायचं म्हणून." आणि उठून त्याने माझ्या खांद्याला हात लावला. "थँक्स, आई."

मी थांबले. वाटलं, आता तो पुढचं बोलेल. आई, चुकलो. आई, चल खराडीला, टेबल सरकवतो. यातलं एक वाक्य बोलला असता ना, तर मी तिथल्या तिथे विरघळले असते. टेम्पो परत बोलावला असता.

त्याने चहा मागितला. मी केला. आलं घातलं, त्याला लागतं तेवढं. बरोबर ठेवलेली दोन्ही बिस्किटं खाल्ली, कप विसळून ठेवला, "काही लागलं तर फोन कर हं," म्हणाला आणि निघाला.

मी दाराशी उभी होते. तो जिना उतरत होता आणि शीळ घालत होता. शाळेत असताना परीक्षेचा पेपर सोपा गेला की असाच शीळ घालत घरी यायचा.